अंगणातली हिरवळ : या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंत

दिवाळी जवळ आली की घराचा कोपरान् कोपरा झाडून निघतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालचे माळ्यावर जातात, भिंतींना रंग लागतो, पडद्यांना इस्त्री होते. या धांदलीत एका जागेकडे मात्र घरातले कोणी फारसे पाहत नाही. पाहतात ते पाहुणे! ती जागा म्हणजे दारापुढची हिरवळ. पावसाळ्यात ती इतकी दाट होती की आपण खूश होऊन तिच्याकडे दुर्लक्ष केले. पाऊस ओसरला, ऊन तापले, आणि आता तिला जागोजाग टक्कल पडलेले दिसते. मधूनच तणाचे झुबके डोके वर काढतात. मग वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी घरोघर एक संवाद ठरलेला असतो.

“अहो, भाऊबीजेला वन्सं यायच्या. त्यांच्या आधी हे टक्कल झाकता येईल का काही करून?”

“अगं, त्यात काय आहे? बाजारातून बियांची पुडी आणतो आणि उद्याच फेकतो. आठ दिवसांत हिरवेगार!”

ही पुडी येते, बीही पडते. भाऊबीज होते, तुळशीचे लग्न होते, नाताळ येतो. टक्कल होते तसेच असते. मग दोष बियाणेवाल्याला. वाचकहो, बियाणेवाल्याची बाजू घेण्याचे आम्हाला काही कारण नाही. पण या खटल्यात तो बहुधा निर्दोष असतो. दोष असतो तो मुहूर्ताचा.

आज हा विषय घेतला तो पिंपरीचे संत तुकाराम नगर डोळ्यांपुढे ठेवून. १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ पासूनचे औद्योगिक विकास महामंडळ, १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका आणि मार्च २०२२ मध्ये दाराशी आलेली मेट्रो. साठ-सत्तर वर्षांत या परिसराने किती वेश पालटले! या सगळ्या घाईत ज्यांच्या वाट्याला तळमजला आणि दारापुढची चार हात माती आली, ते भाग्यवान म्हणायचे. ज्यांची स्वतःची माती नाही, त्यांच्या सोसायटीच्या दोन इमारतींमध्ये सामाईक तुकडा असतोच. त्यांनीही पुढचे वाचावे आणि चिटणीसांना वाचून दाखवावे.

पुडीवरचे नाव आणि गणपतीची जुडी

बियांच्या पुडीवर बहुतेक वेळा ‘बर्म्युडा ग्रास’ असे झोकदार नाव छापलेले असते. नाव वाचून वाटावे की सातासमुद्रापलीकडची ही राजकन्या आपल्या अंगणात नांदायला आली. प्रत्यक्षात ही आपली दूर्वा! शेतकऱ्याच्या भाषेत हरळी. हिचे मूळ बर्म्युडा बेटावरचे नव्हे. ती जुन्या जगातली, आपल्याकडे पूर्वापार वाढणारी. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या अंगाचा दाह हिच्या जुड्यांनी शमला, अशी कथा आपण लहानपणी ऐकली आहे. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात जाणारी मंडळी आजही हिच्या जुड्या घेऊन जातात. तेव्हा पिंपरी-चिंचवडकराने हिरवळीसाठी दूर्वा निवडली, तर त्याने परकी पाहुणी आणली असे नव्हे. घरचीच लेक घरी आणली.

हिचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. हिला ऊन आवडते. रोजचे निदान सहा तासांचे. ऊब असेल तर ती जमिनीसरशी धावते, पेरापेराला मुळे सोडते. माती गार झाली की हिचे अंग आखडते. बी रुजायला माती वीस ते तीस अंश उबदार लागते, आणि तशी असली तरी कोंब दिसायला दहा-पंधरा दिवस जातात, कधी तीन आठवडेही. दिवाळीनंतर आपल्याकडच्या रात्री दिवसेंदिवस थंड होत जातात. अशा वेळी टाकलेले बी मातीत पडून राहते, मुंग्या आणि चिमण्या त्याची दिवाळी करतात.

या घाईचे मूळ बहुधा मुलांच्या किल्ल्यात आहे. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी टाकली की तीन-चार दिवसांत रान हिरवे होते, आणि मोठ्यांनाही वाटते की लॉनचे बी असेच असणार. परंतु हळिवाचे हिरवे चार दिवसांचे असते, दूर्वेचे वर्षानुवर्षांचे. दोघींच्या चालीत फरक असायचाच.

आधी दुखणे ओळखा

टक्कल पडलेल्या जागी नुसते बी टाकणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता औषध पाजणे. गवत ज्या कारणाने गेले ते कारण तिथेच असेल, तर नवे गवतही त्याच वाटेने जाणार. म्हणून दिवाळीच्या सुटीत एक सकाळ काढा आणि चार परीक्षा करा.

पहिली परीक्षा उन्हाची. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला त्या जागेवर सावली कोणाची पडते ते पाहा. तुमचे घर जुने असेल आणि समोर नवी इमारत उभी राहिली असेल, तर उत्तर तिथेच मिळेल. दाट सावलीत दूर्वा टिकत नाही. तिथे हट्ट सोडावा, फरशी घालावी, किंवा नेचे, सिंगोनियम अशी सावलीत रमणारी झाडे लावावीत.

दुसरी परीक्षा सळईची. एक बारीक लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबा. ओल असताना ती वीतभर गेली तर ठीक. चार बोटांवरच अडली तर खाली बांधकामाचा राडारोडा, विटांचे तुकडे किंवा घट्ट मुरूम आहे असे समजा. घर बांधून झाल्यावर उरलेल्या चुऱ्यावर एक पातळ मातीचा थर अंथरून ‘बाग तयार’ असे सांगण्याची रीत सर्वत्र आहे. मूळ खाली जाऊ शकत नाही, म्हणून ऑक्टोबरचे ऊन चढताच गवत करपते.

तिसरी परीक्षा ओढण्याची. पिवळ्या पडलेल्या जागेच्या कडेचा झुबका मुठीत धरून ओढा. तो चटईसारखा अलगद उचलून आला, तर मुळे कोणी खाल्ली आहेत. खाली माती उकरा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी, जाड अळी सापडेल. ती हुमणी. उसाच्या शेतकऱ्याची ही जुनी वैरीण बंगल्याच्या अंगणातही येते. जागा लहान असल्यास माती खणून अळ्या वेचून टाकणे हाच सोपा उपाय; ती माती उघडी टाकली की साळुंक्या उरलेले काम चोख करतात.

चौथी परीक्षा विळ्याची, म्हणजे आपल्याच हाताची. गवत फार बुडापासून कापले की त्याची अन्न तयार करणारी पाने जातात. उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक एका वेळी कापू नये, आणि दूर्वा अडीच ते चार सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये. गवत कापण्याचे यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाने काढले. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. गिरणीतल्या यंत्राने जन्म दिलेली ही हौस कारखान्यांच्या गावात रुजावी यात नवल नाही. पण बडिंगनेही कापडाची लवच कातरायची असते, कापड नव्हे, हे ध्यानात ठेवले होते!

तुकोबांच्या नगरातला लव्हाळा

लव्हाळ्याच्या नम्रतेचा दाखला तुकोबांनी दिला, तो सर्वांच्या तोंडी आहे. त्यांच्या नावाच्या नगरात लव्हाळ्याविरुद्ध लिहावे लागते आहे, याची आम्हाला जाणीव आहे. पण हिरवळीत शिरलेला लव्हाळा, म्हणजे नागरमोथ्याचे तण, नम्रतेचा नव्हे, चिकाटीचा धडा देतो. वरचे पाते ओढले की ते निमूटपणे हातात येते. आपल्याला वाटते काम झाले. खाली मातीत त्याच्या काळ्या गाठींची माळ तशीच असते, आणि आठवड्यात तिथेच हिरवे पाते पुन्हा उभे राहते. म्हणून ओढू नये. खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट उकरावे. निघालेल्या गाठी खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर साऱ्या बागेत लव्हाळा पोचतो. त्या फरशीवर पसरून कडक उन्हात आठ-पंधरा दिवस खडखडीत सुकवाव्यात.

“मग माती उघडीच ठेवली तर काय बिघडले?” असे कोणी विचारील. बिघडते हे की माती उघडी राहत नाही. आपण काही लावले नाही तर निसर्ग लावतो, आणि तो आपली आवड विचारीत नाही. गाजरगवताचेच पाहा. आपल्या देशातली त्याची पहिली शास्त्रीय नोंद १९५६ साली झाली, ती पुण्याहून! तेव्हापासून मोकळी दिसेल ती जागा त्याने बळकावली. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागांनी अनेकांना दमा-शिंका होतात. दारापुढे दाट दूर्वा असणे ही नुसती शोभा नव्हे; गाजरगवताला घातलेला तो अडसर आहे. पावसाळ्यात माती धरून ठेवणे, उन्हाळ्यात धूळ घरात न येऊ देणे, मुलांना अनवाणी धावायला मऊ जागा देणे, ही कामे ती करते ती निराळीच.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. घराघरांत यावरून भांडणे होतात, आणि व्हावीतही. पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणाचे. ते नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उपसून शुद्ध होते आणि मग आपल्या नळाला. नोव्हेंबर २०१९ पासून शहराने एक दिवसाआड पाणी अनुभवले आहे. बादल्या, पिंपे, टाक्या भरून ठेवण्याची शिस्त गृहिणींनी अंगी बाणवली आहे. अशा घरात संध्याकाळी कोणी नळी घेऊन गवतावर पाण्याचा फवारा उडवीत उभा राहिला, तर आतून आवाज येणारच :

“अहो, तुमच्या गवताला आंघोळ, आणि धाकट्याला अर्धी बादली?”

या प्रश्नाला उत्तर भावनेने देऊ नये, आकड्याने द्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवीगार दूर्वा दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी उडवते. तुमचा तुकडा चार मीटर बाय पाच मीटर, म्हणजे तेरा फूट बाय सोळा फूट धरला, तर वीस चौरस मीटर. रोजचे शंभर लिटर! महिन्याचे तीन हजार. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे शासकीय प्रमाण आहे. म्हणजे उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवणे हे घरात आणखी एक माणूस पोसण्यासारखे आहे. तो माणूस तुमच्या घरात बसत असेल तर प्रश्न नाही. पण टँकर मागवून तो पोसायचा असेल, तर शेजाऱ्याच्या रिकाम्या टाकीकडे पाहून आपली मान खाली जाईल, याचा विचार करावा.

मग हिरवळच नको काय? तसे मुळीच नाही. दूर्वेला झोपता येते. पाणी तोडले की ती वरून पिवळी, मग तपकिरी होते. जिवंतपणा जमिनीखालच्या खोडांत आणि मुळांत राखून ठेवते. पावसाच्या दोन सरी पडल्या की आठवड्यात तीच पुन्हा उठते. माळरानावरची हरळी दरवर्षी हेच करते. तिला कोण नळी घेऊन जाते? पिवळे पडले म्हणजे मेले, हा आपला गैरसमज, आणि या गैरसमजापायी हजारो लिटर पाणी मातीत जाते.

तेव्हा आमचा सल्ला असा. मार्चपर्यंत जमेल तसे पाणी द्यावे. रोज शिंपडा मारण्यापेक्षा चार दिवसांनी एकदा, पहाटे, खोल मुरेल असे. रोजच्या शिंपड्याने मुळे वरच राहतात आणि गवत लाडावते. एप्रिल-मेमध्ये तिला झोपू द्यावे. दहा-पंधरा दिवसांनी जीव धरण्यापुरते पाणी पुरे. त्यासाठी नळाचेही नको. तांदूळ-डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी चालते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणीही दूर्वा सोसते, कारण थोडा खारटपणा तिला बाधत नाही. साबणसोड्याचे पाणी मात्र घालू नये. आणि झोपलेल्या गवतावर क्रिकेट बंद; झोपेत तुडवलेले गवत उठत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

दिवाळीत : बी पेरू नका. मुलांना किल्ला करायचा असेल तर नेमका सर्वांत वाईट टकलावर करू द्या. ती जागा पुढे खणायचीच आहे. मुले खणतील, माती मोकळी करतील, आणि बाबा ओरडणार नाहीत. सर्वांचीच दिवाळी गोड! उरलेल्या हिरवळीतला लव्हाळा ओल आहे तोवर उकरून घ्या. माती दबली असेल तिथे सळईने वीतभर अंतरावर चार बोटे खोल भोके पाडा आणि चाळलेले शेणखत व वाळू पातळ पसरून झाडूने भोकांत लोटा.

हिवाळ्यात : गवत हळू वाढते, तेव्हा कापणीही कमी. खताची घाई नको.

उन्हाळ्यात : टकलाच्या जागा वीतभर ते फूटभर खणा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे काढून टाका. ढेकळे उलटी पडू द्या, ऊन खाऊ द्या. तणाचे बी फार असेल तर ढेकळे फोडून, माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक महिना-दीड महिना घट्ट अंथरावे. आतल्या उष्णतेने बरेच बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचतात, त्यांना खुरपेच हवे.

जूनमध्ये : पहिल्या पावसाबरोबर धावू नका. दोन-तीन सरी पडू द्या, तण उगवू द्या, ते काढा. मग अडीच सेंटिमीटर जुने शेणखत मातीत मिसळा आणि जागा घरापासून दूर किंचित उताराची करा. शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो. आता बी. शंभर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला केवळ तीन ग्रॅम! कमी वाटते, पण दूर्वेच्या एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास बिया असतात. तीन ग्रॅमांत बारा हजार आल्या. ते कोरड्या वाळूत मिसळावे, अर्धे उभे आणि अर्धे आडवे फेकावे, वर चाळलेल्या मातीची नुसती धूळ टाकावी आणि फळीने दाबावे. झोडपणाऱ्या पावसात बी वाहू नये म्हणून विरळ गोणपाट अंथरावे. कोंब दिसताच काढावे. पावसाने उघडीप दिली तर बारीक झारीने दिवसातून दोनदा ओल राखावी.

ज्यांना बियांचा भरवसा वाटत नाही त्यांनी जुनी देशी रीत करावी. आपल्याच हिरवळीच्या चांगल्या भागातल्या दूर्वेचे बोटभर तुकडे करावेत, माती आणि ताजे शेण पाण्यात कालवून त्यात घोळवावेत आणि तो लगदा ओल्या जागेवर बोटभर जाडीने सारवावा. किंवा मुळांसकट काड्या चार-चार बोटांवर टोचाव्यात. यात आणखी एक फायदा : ठिगळ त्याच कापडाचे असते. बाहेरून दुसऱ्या जातीचा तयार गालिचा आणून मध्ये चिकटवला, तर तो रंगाने वर्षानुवर्षे ‘मी ठिगळ’ असे सांगत राहतो.

श्रावणात : नवे गवत पाच-सहा सेंटिमीटर झाले की धारदार कात्रीने किंवा विळ्याने शेंडे तेवढे छाटावेत. बोथट हत्याराने कोवळी रोपे मुळासकट उपटून येतात. पेरल्यापासून दीड-दोन महिने तिथे पाऊल नको; चार काठ्या आणि सुतळी बांधली की मोठ्यांनाही आठवण राहते.

भाद्रपदात : गणपती येतात. बाजारात दूर्वांची जुडी शोधत फिरण्याऐवजी सकाळी अंगणात बसून एकवीस दूर्वा खुडाव्यात. अर्थात ज्या गवतावर कीटकनाशक मारले नाही त्याच्याच. नातवंडांना जवळ बसवून तीन पात्यांची दूर्वा कशी निवडावी हे आजीने दाखवावे. पुडीवरचे परदेशी नाव तोवर सारे विसरलेले असतात.

आणि आश्विनात, पाऊस जाता जाता, सळईची आणि ओढण्याची परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी. त्यानंतर येणाऱ्या दिवाळीत वन्सं आल्या, चपला काढून सहज हिरवळीवर टेकल्या आणि त्यांनी फराळाचे ताट तिथेच मागितले, तर काम साधले असे समजावे. त्या कदाचित विचारतील, “वहिनी, माळी कोण लावलात हो?” तेव्हा खुशाल हसून घरातल्या खुरप्याकडे बोट दाखवावे.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो. आणि बियांची पुडी? ती कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून, जूनपर्यंत माळ्यावर!